माळ्यावरचा सीबी सेट: कपॅसिटरने काय बिघडवलं, काय नाही

दुरुस्तीला आलेल्या सेटबरोबर गिऱ्हाइकाने सुटे भागही आणून द्यावेत, असं क्वचित होतं. या वेळी तसं झालं. सेट गिरगावातल्या एका काकांचा. २३ चॅनेलचा, एएम, गाडीत डॅशबोर्डखाली लटकवायचा सीबी, म्हणजे सिटिझन्स बँडचा, सर्वसामान्यांनी एकमेकांशी बोलायचा वायरलेस सेट. बरोबर आलेल्या नातवाच्या हातात परदेशातून मागवलेलं ‘रीकॅप किट’: प्लॅस्टिकच्या पिशवीत ३३ कपॅसिटर (विजेचा साठा धरणारे छोटे भाग) आणि एक छापील यादी. त्याने बरेच व्हिडिओ पाहिले होते आणि त्याचा हिशेब सरळ होता. जुने सगळे काढायचे, नवे सगळे लावायचे, सेट चालू. काकांना मात्र मुळातच पटत नव्हतं. “अरे, हा सेट मी धड वापरलेलासुद्धा नाही. न वापरलेली वस्तू खराब होतेच कशी?”

दोघांचंही थोडंथोडं बरोबर होतं. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय ते त्यासाठीच. जुन्या ट्रान्झिस्टर सेटांच्या बाबतीत ‘कपॅसिटर बदला’ हा सल्ला हल्ली इतका सरसकट दिला जातो की, बिघाड शोधायचा असतो हेच लोक विसरत चाललेत.

सेट मुंबईत कसा आला

काका मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. अमेरिकेत सीबीचा २७ मेगाहर्ट्झचा पट्टा सर्वसामान्यांसाठी १९५८ साली खुला झाला, पण त्याचं खरं वेड आलं ते १९७३ च्या तेलटंचाईनंतर. हायवेवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. डिझेल कुठल्या पंपावर मिळतंय आणि पोलीस कुठे उभे आहेत, हे ट्रकवाले एकमेकांना सीबीवरून सांगू लागले. मग घरोघरी सेट आले, २३ चॅनेल अपुरे पडले आणि १ जानेवारी १९७७ पासून तिथे ४० चॅनेल झाले. २३ चॅनेलचा माल दुकानांत पडून राहिला आणि मातीमोल भावाने विकला गेला. काकांनी त्याच वर्षी एका अमेरिकी बंदरात हा सेट घेतला तो यामुळेच. आपल्याकडे तेव्हा १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याप्रमाणे असा सेट नुसता बाळगायलाही परवाना लागायचा. काकांनी तो खटाटोप केला नाही. हौसेने चार लोकांना दाखवला आणि माळ्यावर टाकला.

सेटच्या कंपनीचं नाव देत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. त्या काळच्या अनेक ब्रँडच्या पेट्या उघडल्या तर आत सर्किट जवळजवळ एकच निघतं.

चाळीचा माळा म्हणजे पत्र्याच्या खाली. मे महिन्यात तिथे हात लावायची सोय नसते आणि जुलैत भिंतींना ओल सुटते. समुद्र दहा मिनिटांवर, म्हणजे हवेत खार आहेच. काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि मधे द्रवाने भिजलेला कागद असतो. एका पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच खरा इन्सुलेटर. तळाच्या रबरी बुचातून तो द्रव हळूहळू उडून जातो, मग सेट चालू असो की बंद. तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, हा या धंद्यातला ढोबळ नियम. शिवाय वर्षानुवर्षं व्होल्टेज मिळालं नाही की ऑक्साइडचा थरही ढासळतो आणि कपॅसिटर गळू लागतो, म्हणजे जो डीसी त्याने अडवायचा तोच थोडाथोडा सोडू लागतो. तेव्हा न वापरल्याने सेटचे नॉब शाबूत राहिले, कपॅसिटर नाही.

तक्रार आणि तिची उलटतपासणी

घरी नातवाने सेट १२ व्होल्टच्या एलिमिनेटरवर लावून पाहिला होता. दिवा लागला, स्पीकरमधून मोठी घरघर आली, आवाज वाढवला की फट-फट-फट सुरू व्हायचं आणि त्याच्या मागे कुठेतरी खूप लांबून आल्यासारखी खरखर. बस्स.

घरघरीचा दोष आधी सेटवरून काढून टाकावा लागला. हे साधे एलिमिनेटर रेग्युलेटेड नसतात. बिनलोडचे ते १६-१७ व्होल्ट देतात, लोड आला की कोसळतात आणि वर १०० हर्ट्झची लहर सोडतात. सीबीला १३.८ व्होल्ट शुद्ध डीसी हवा असतो. मी सेट बेंच सप्लायवर घेतला, करंटला मर्यादा बांधली आणि ५ व्होल्टपासून हळूहळू वर चढवत नेला. इतकी वर्षं पडून असलेल्या सेटला एकदम पूर्ण व्होल्टेज देऊ नये. गळका कपॅसिटर तापून फुगतो आणि जाताना एखादा ट्रान्झिस्टर बरोबर घेऊन जातो, आणि ते जपानी ट्रान्झिस्टर आता शोधावे लागतात. १३.८ वर पोचल्यावर करंट पाव अँपिअरच्या आसपास स्थिरावला. शॉर्ट कुठे नव्हता. घरघर बरीचशी गेली, फट-फट मात्र होतीच.

त्या फट-फटीला मेकॅनिक लोक मोटरबोटिंग म्हणतात. ऑडिओचा शेवटचा टप्पा करंट ओढतो, त्याबरोबर सप्लायची लाइन हलते, ती हालचाल पहिल्या टप्प्यात शिरते, तिथून मोठी होऊन पुन्हा शेवटच्या टप्प्यात येते आणि चक्र सुरू राहतं. टप्प्याटप्प्यांच्या मधे सप्लाय थोपवून धरणारे कपॅसिटर असतात ते यासाठीच. ऑसिलोस्कोप लावला तर ड्रायव्हरच्या सप्लायवर जवळजवळ एक व्होल्टची हालचाल दिसत होती, अगदी फट-फटीच्या तालावर.

मग अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड लावून माइकचं बटण दाबलं. अँटेना न लावता, म्हणजे हवेत काहीही न सोडता. कॅरिअर, म्हणजे आवाज न चढवलेली मूळ लहर, ३.३ वॉट. या सेटला कायद्याने मुभा होती ४ वॉटची, तेव्हा हे काही वाईट नाही. पण माइकमध्ये बोललं तर स्कोपवरची पट्टी जेमतेम हलायची. मॉड्युलेशन, म्हणजे त्या लहरीवर आवाज चढण्याचं प्रमाण, २०-२५ टक्के.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सबंध निदान याच्यात आहे. या पिढीच्या एएम सीबीमध्ये ऑडिओ ॲम्प्लिफायर एकच असतो. ऐकताना तो स्पीकर चालवतो आणि बोलताना तोच ॲम्प्लिफायर ट्रान्सफॉर्मरमार्फत आरएफच्या (रेडिओ लहरीच्या) शेवटच्या ट्रान्झिस्टरचा सप्लाय आवाजाप्रमाणे खालीवर करतो. म्हणजे ऐकू कमी येतंय आणि मॉड्युलेशनही कमी आहे, पण कॅरिअर जवळपास ठीक आहे, अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की बोट सरळ ऑडिओच्या पट्टीवर ठेवता येतं. आरएफकडे, कॉइलींकडे, क्रिस्टलकडे तूर्त बघायचंही कारण नाही. आणि सगळं बोर्ड सोलून काढायचं तर नाहीच नाही.

किट बाजूला का ठेवलं

यादी आणि बोर्ड शेजारी ठेवून ताडून पाहिलं. किटमध्ये २९ इलेक्ट्रोलिटिक आणि ४ सिरॅमिक चकत्या. बोर्डावर इलेक्ट्रोलिटिक २७. त्यांतल्या तीन जागांच्या व्हॅल्यू किटमध्ये नव्हत्याच आणि किटमधले पाच या बोर्डावर कुठे बसतच नव्हते. उघड होतं की किट या सेटच्या भावंडासाठी बांधलेलं आहे, याच्यासाठी नाही. एकाच मॉडेलच्या बोर्डात वर्षागणिक बदल होत असत, तेव्हा त्यात नवल नाही.

चार चकत्यांबद्दल नातवाशी थोडी जुंपली. त्याचं म्हणणं, जुनं ते जुनं, बदलून टाकू. पण सिरॅमिक, मायका आणि पॉलिस्टायरिन हे कपॅसिटर कोरडे पडत नाहीत, त्यांच्यात सुकण्यासारखं पाणीच नसतं. शिवाय ऑसिलेटरमधली चकती ठरावीक तापमान-गुणाची निवडलेली असते. तिच्या जागी तेवढ्याच पिकोफॅरडची दुसरी लावली तर सेट गार असताना एका फ्रिक्वेन्सीवर आणि तापल्यावर दुसऱ्या. चाललेल्या गोष्टीला हात लावायचा नाही, एवढं सांगून चकत्या पिशवीत परत घातल्या.

कपॅसिटर आणायला लॅमिंग्टन रोड. रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग होऊन जमाना झाला, पण पार्ट घ्यायला जाणारा अजून लॅमिंग्टन रोडलाच जातो. इथे एक खबरदारी लागते. मोठ्या डब्यात छोटा कपॅसिटर कोंबून वर नामांकित जपानी नावाची नळी चढवलेला माल बाजारात फिरतो. हातात घेतला की हलका लागतो, मीटरवर १००० च्या जागी ४००-५०० दाखवतो. मी काउंटरवरच मीटर काढतो. ज्याला राग येतो त्याच्याकडून घेत नाही. या सेटसाठी १०५ अंशांचे घेतले आणि १६ व्होल्टच्या जागी २५ व्होल्टचे. व्होल्टेज वरचं चालतं, व्हॅल्यू मात्र शक्यतो तीच ठेवावी. दोन-पाच रुपयांच्या वस्तूत काटकसर करून दिवसभराची मजुरी धोक्यात घालण्यात काही अर्थ नाही.

प्रत्यक्ष काम

बोर्ड तपकिरी फिनॉलिकचं, एका बाजूला तांबं. हे बोर्ड ओल पितं आणि त्यावरचे पॅड जास्त उष्णता लागली की उचकटून येतात. म्हणून आधी झाकण काढून टेबलाच्या दिव्याखाली रात्रभर सुकू दिलं, मग फोटो काढले. चारही बाजूंनी, जवळून, प्रत्येक कपॅसिटरची निगेटिव्ह पट्टी दिसेल असे. बोर्डावर अधिक-उण्याची छपाई असते, पण तिच्यावर आंधळा विश्वास टाकू नये. या बोर्डावर स्क्वेल्चजवळ (सिग्नल नसताना खरखर दाबणारा भाग) एका जागी छपाई एक सांगत होती आणि कारखान्यात बसवलेला कपॅसिटर दुसरं. मीटर लावून प्रत्यक्ष डीसी मोजला तर कपॅसिटर बरोबर, छपाई चूक. छपाई पाहून बसवणाऱ्याने तो उलटा लावला असता.

पहिला काढला तो सप्लायवरचा १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट. वरून अगदी नवा दिसत होता, निळी नळी चकचकीत. त्याचे पाय तांब्याच्या बाजूला मुडपलेले होते. जुन्या सोल्डरवर थोडं नवं ६०/४० सोल्डर चढवलं, म्हणजे ते नीट वितळतं, पंपाने ओढून घेतलं, चिमट्याने दोन्ही पाय सरळ केले आणि मग वरून हलकेच हलवून कपॅसिटर उचलला. ओढायचा नाही, स्वतःहून सुटला पाहिजे. उचलताच सुक्या बोंबलासारखा वास आला. बुचाखाली तपकिरी डाग, एक पाय हिरवा पडलेला आणि खालच्या ट्रॅकवर तोच हिरवा रंग बोटभर पसरलेला. मोजला तर ३१० मायक्रोफॅरड आणि ईएसआर, म्हणजे कपॅसिटरच्या पोटातला मालिका-रोध, चार ओहमच्या वर. नव्याचा ईएसआर ओहमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. ट्रॅक फायबरच्या पेन्सिलने घासून उघडा केला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, कल्हई केल्यासारखा सोल्डरचा पातळ हात फिरवला आणि मगच नवा बसवला. तो द्रव तसाच ठेवून वर नवा कपॅसिटर लावला तर ट्रॅक खात राहतो आणि दोन पावसाळ्यांनी सेट परत येतो.

ईएसआर मीटर १०० किलोहर्ट्झवर, अगदी कमी व्होल्टेजने मोजतो, त्यामुळे ट्रान्झिस्टर जागे होत नाहीत आणि कपॅसिटर न काढताही अंदाज घेता येतो. सोय मोठी आहे, पण त्याला दोन गोष्टी दिसत नाहीत. एकाच लाइनवर दोन कपॅसिटर समांतर असतील तर चांगला वाइटाला झाकतो. आणि गळती त्याला कळतच नाही. या दुसऱ्या गोष्टीचा दाखला पुढे येतोच.

काम भागाभागाने केलं. आधी सप्लाय, मग ऑडिओ, मग माइकचा टप्पा, शेवटी एजीसी (सिग्नलच्या ताकदीप्रमाणे आवाजाची वाढ आपोआप कमीजास्त करणारा भाग) आणि स्क्वेल्च. प्रत्येक भाग झाला की सेट चालू करून तीच तीन-चार मोजमापं पुन्हा. सगळे २७ एका बैठकीत बदलून मग बटण दाबणाऱ्यांचं मला नवल वाटतं. एखादा उलटा बसला असेल, एखादा सोल्डरचा थेंब दोन ट्रॅकमध्ये पडला असेल, तर २७ जागांमध्ये शोधणार कुठे?

सप्लायचे चार बदलल्यावर फट-फट थांबली. ड्रायव्हरच्या लाइनवरची हालचाल एका व्होल्टवरून ४० मिलीव्होल्टवर आली. आवाज मात्र लहानच.

ऑडिओत खरी मजा होती. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या एमिटर नावाच्या पायाला २२० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर ४७ मायक्रोफॅरड. हा कपॅसिटर शाबूत असला की आवाजाच्या दृष्टीने एमिटर जमिनीला टेकलेला असतो आणि २.२ किलोओहमच्या कलेक्टर लोडवर, एक मिलीअँपिअर करंट धरला तर, कागदी हिशेबाने गेन (आवाज किती पट वाढतो ते) ऐंशीच्या घरात जातो. कपॅसिटर उडाला की गेन राहतो २२०० भागिले २२०, म्हणजे १०. एक कपॅसिटर गेला आणि आवाजाचे आठ भागांतले सात भाग गेले. काढलेला ४७ मोजला तर मीटरने २ मायक्रोफॅरडसुद्धा दाखवले नाहीत. दोन टप्प्यांना जोडणारा १ मायक्रोफॅरडचा तर ०.०५ वर आला होता. पुढच्या टप्प्याचा रोध १० किलोओहम धरला तर ज्या जोडणीतून १६ हर्ट्झपासून वरचं सगळं जायला हवं, तिथे ३०० हर्ट्झच्या खालचं कापलं जात होतं. लांबून आल्यासारखा, पत्र्याच्या डब्यातला आवाज यायचा तो त्यामुळे. हे बदलले आणि स्पीकरमधून खरखर अशी काही आली की व्हॉल्यूम खाली करावा लागला. खरखरीने आनंद व्हावा असे प्रसंग थोडेच.

माइकच्या टप्प्यात तीन कपॅसिटर तशाच अवस्थेत. ते बदलल्यावर मॉड्युलेशन ८५ टक्क्यांवर गेलं. तिथे थांबलो. आत एक प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर) असतो, तो फिरवून काही लोक शंभराच्या पुढे नेतात आणि शेजारच्या चॅनेलवर घाण करतात.

एजीसीचा १० मायक्रोफॅरड हा तो गळतीचा दाखला. ईएसआर ठीक, व्हॅल्यू ९.६, म्हणजे कुठल्याही मीटरने पास केला असता. पण एजीसीच्या लाइनवर अवघा दोनेक व्होल्टचा दाब असतो आणि तो ४७ किलोओहममधून येतो. कपॅसिटर त्यातून १५ मायक्रोअँपिअर गिळत होता. गुणाकार केला की ०.७ व्होल्ट. दोन व्होल्टमधले ०.७ मधल्यामधे गेले तर पुढच्या आरएफ टप्प्याचा बायस चुकणारच. एस-मीटरचा, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणारा, काटा सिग्नल नसताना एकावर चिकटून बसलेला होता, तो नव्या कपॅसिटरने शून्यावर आला आणि सिग्नल जनरेटरचा क्षीण सिग्नल, जो आधी खरखरीत बुडत होता, तो ऐकू येऊ लागला.

काढलेले सगळे बाहेर मोजले. २७ पैकी १६ कामातून गेलेले, २ गळके, ९ ठीकठाक. गेलेले बहुतेक लहान डब्यांचे, ०.४७ ते १० मायक्रोफॅरडचे. ते साहजिक आहे. लहान डब्यात द्रव थोडा आणि त्या मानाने बुचाची फट मोठी. ते नऊ ठीक असूनही बदलले, कारण वय तेच, माळा तोच, आणि बोर्ड पुन्हा उघडण्याची मजुरी कपॅसिटरच्या किमतीच्या कितीतरी पट. तेवढ्यापुरतं नातवाचं म्हणणं मी मान्य केलं.

जे कपॅसिटरचं नव्हतं

कॅरिअर अजून ३.३ वॉटवरच होता. नातवाने मला विचारलं, “आता कॉइली फिरवायच्या ना?” नाही. आधी सेटच्या आत, बोर्डावर पोचणारं व्होल्टेज मोजलं. सप्लायवर १३.८, पण बटण दाबलं की बोर्डावर १२.७. एक व्होल्टहून जास्त वाटेतच गळत होता. वायरीतला फ्यूज होल्डर उघडला तर आतली स्प्रिंग गंजून काळी झालेली. होल्डर बदलला, सप्लायच्या प्लगच्या पिना घासल्या. कॅरिअर ३.९ वॉट. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे हिशेबही जुळला. एकही कॉइल हलली नाही. त्यांच्यावर कारखान्याचं मेण अजून तसंच आहे आणि ते न मोडता काम झालं याचं मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त समाधान आहे.

चॅनेलचा नॉब फिरवला की मधेच काही चॅनेल गायब व्हायचे. स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर सोडून तो भरपूर फिरवला, बरेचसे परत आले. खाऱ्या हवेत चांदीचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, त्यात विशेष काही नाही. पण ९, १०, ११ आणि १२ हे चार चॅनेल मेलेलेच राहिले. ऐकतानाही आणि बोलतानाही.

चारांचा हा गठ्ठा पाहिल्यावर उत्तर सर्किट न बघताही सांगता येतं. या सेटमध्ये २३ चॅनेलला २३ जोड्या क्रिस्टल (एकेक ठरावीक फ्रिक्वेन्सी देणारे स्फटिक) नाहीत, एकूण १४ आहेत. ३७.६०० पासून ३७.८५० मेगाहर्ट्झपर्यंत ५० किलोहर्ट्झच्या अंतराने सहा, बोलण्यासाठी १० मेगाहर्ट्झच्या वरचे चार आणि ऐकण्यासाठी चार. पहिल्या सहांतला एक आणि चारांतला एक घेऊन वजाबाकी करायची. ३७.६०० वजा १०.६३५ म्हणजे २६.९६५, चॅनेल १. ३७.७०० वजा १०.६३५ म्हणजे २७.०६५, चॅनेल ९. सहा गुणिले चार चोवीस, त्यातली एक जोडी वापरात नाही, राहिले २३. दहाच्या वरचा एखादा क्रिस्टल गेला असता तर दर चौथा चॅनेल गेला असता आणि तोही फक्त ऐकताना किंवा फक्त बोलताना. सलग चार आणि दोन्हीकडे, म्हणजे ३७.७००. स्विचच्या त्या पायाला कॉन्टॅक्ट मिळतोय हे तपासलं, शेजारचा ३७.६५० चा क्रिस्टल तात्पुरता त्या जागी लावला, ऑसिलेटर चालू झाला. क्रिस्टलच मेलेला. कुणीतरी कधीतरी सेट आपटला असावा. किटमधल्या ३३ कपॅसिटरपैकी एकही इथे कामाला आला नसता.

ऐकून पाहणं

२७ मेगाहर्ट्झला अर्ध्या लांबीचा डायपोल साधारण सव्वापाच मीटरचा. चाळीच्या गॅलरीत तेवढी लांबी आरामात मिळते. कपड्यांच्या दोरीच्या वर वायर ताणली, मधून कोॲक्स केबल घरात. सेट चालू केला आणि काटा एस-सातवर जाऊन बसला. कारण मुंबई. शेजारपाजारचे एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्स, सगळ्यांच्या स्विचिंग सप्लायचा कचरा या पट्ट्यात येऊन पडतो. काकांच्या घरचा मेन स्विच पाडला, सेट इन्व्हर्टरच्या बॅटरीवर घेतला. काटा तिनापर्यंत उतरला. उरलेलं शेजाऱ्यांचं.

१९७७ ची अमेरिका इथे ऐकू येणार नाही, हे काकांना आधीच सांगितलं होतं. पण वेळ बरी होती. सूर्य त्याच्या सध्याच्या चक्राच्या कमाल टप्प्यात असल्याचं नासा आणि नोआ (अमेरिकेची सागर-हवामान संस्था) यांनी ऑक्टोबर २०२४ मध्येच जाहीर केलं होतं, आणि अशा वर्षांत दिवसा २७ मेगाहर्ट्झचे सिग्नल आयनोस्फिअरवरून परतून हजारो किलोमीटर जातात. दुपारी चॅनेल १५ वर दोन पुरुषांचे आवाज वर आले, खाली गेले, पुन्हा आले. भाषा रशियन असावी. काका खुर्ची ओढून बसले आणि स्क्वेल्चचा नॉब असा काही सराईतपणे फिरवू लागले की ‘धड वापरलेला नाही’ या त्यांच्या म्हणण्यावर मला जरा शंका आली. नातवाने फोनवर भाषांतर करून बघायचा प्रयत्न केला. फोन जवळ आणला की काटा वर जायचा, म्हणून आजोबांनी त्याला गॅलरीत पिटाळलं.

राहिलेल्या दोन गोष्टी

३७.७०० चा क्रिस्टल मागवून घडवून घेता येतो, खर्च कपॅसिटरच्या सबंध कामापेक्षा जास्त. काकांना विचारलं. ते म्हणाले, “नऊ नंबर तिकडे इमर्जन्सीचा होता. इथे कोण बोलावणार आहे मला? राहू दे.” चॅनेल नॉबच्या बाजूला ‘९ ते १२ बंद’ अशी पट्टी चिकटवली, पुढच्या मेकॅनिकचा वेळ वाचावा म्हणून.

दुसरी गोष्ट माइकची. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या संचांसाठी परवान्यातून मोकळा केलेला आहे, पण त्याला शक्तीच्या, अँटेनाच्या आणि उपकरणाच्या मान्यतेच्या अटी आहेत. गॅलरीत डायपोल लावलेला अमेरिकी बाजारातला जुना सेट त्यांत बसतो असं मी तरी कुणाला सांगणार नाही. डमी लोडवरची मोजमापं झाल्यावर माइकच्या सॉकेटवरची बोलण्याच्या बटणाची तार सोडवून टोकाला नळी चढवली आणि सर्किटच्या कागदावर तिची खूण केली. सेट फक्त ऐकतो. जुने २७ कपॅसिटर, प्रत्येकाच्या मोजमापाची यादी आणि किट न उघडल्यासारखं परत पाकिटात घालून नातवाच्या हातात दिलं. किटमधले पाच-सहा त्याला पुढे कशालाही चालतील. सिरॅमिक चकत्यांवर मात्र मी लाल पेनाने फुली मारून ठेवली आहे.